नमुन्याबरहुकूम एक स्टेम

उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. त्यासाठी कॅलेंडर बघावं लागत नाही. सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी कुसळं येऊन बसायला लागली की समजायचं, साखर कारखान्याचं धुराडं पेटलं. मंगळवार पेठेत घराच्याच पुढच्या खोलीत माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शाळेचे गणवेश, आणि लग्नसराईत आमच्या विहारातल्या बायकांचे पांढऱ्या साड्यांवरचे ब्लाउज. पांढऱ्या कापडावर असलं कुसळ बसलं तर फुंकर मारून उडवायचं, बोटानं पुसायला जायचं नाही. पुसलं की काळा फराटा उठलाच. हे मी दर हंगामात कुणाला तरी नव्यानं सांगते आणि दर हंगामात कुणीतरी पुसतंच.

मागच्या वर्षी याच दिवसांत, दिवाळी उरकल्यापासून संक्रांतीपर्यंत, माझं डोकं एका सायकलीच्या सुट्या भागानं खाल्लं होतं. त्याला स्टेम म्हणतात. सायकलीचं हँडल आणि पुढचं चाक ज्याच्यावर वळतं तो खांब, या दोघांना एकमेकांशी धरून ठेवणारा मुठीएवढा तुकडा. एका बाजूनं खांबाला आवळायचा, दुसऱ्या बाजूनं हँडलला. बस्स, एवढंच त्याचं काम. हा तुकडा लांब असला की हँडल लांब जातं, आखूड असला की जवळ येतं. कापडाच्या दुनियेतल्या बाईनं याचा घोर लावून घ्यायचं कारण नव्हतं. पण सायकल माझ्या थोरल्या भावाची होती, आणि त्या तुकड्याच्या लांबीवर त्याच्या उजव्या हाताचं ऑपरेशन होणार की टळणार, हे बऱ्याच अंशी ठरायचं होतं.

दादा अठ्ठावन्न वर्षांचा. उद्यमनगरात त्याचा लेथचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन लेथ, एक मिलिंग मशिन आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. शेतकरी मोडलेली पंपाची दांडी घेऊन येतो, कुणी झिजलेला बुश घेऊन येतो. दादा तो तुकडा हातात घेतो, अंगठा आणि बोटं त्यावरून फिरवतो, मापायचा व्हर्नियर लावतो आणि म्हणतो, “उद्या या.” ड्रॉइंग नाही, कागद नाही. आयुष्यभर त्यानं गिऱ्हाइकाला एकच सांगितलं, “सॅम्पल आणा. सॅम्पलपरमाणं करून देतो.” आणि दिलं. दादानं केलेला तुकडा आणि मूळचा तुकडा शेजारी ठेवले तर कुठला कुठला, हे मालकालाही सांगता यायचं नाही. एवढं त्याचं काम चोख.

तर अशा माणसानं पाच वर्षांपूर्वी एक रेसिंगची सायकल घेतली. पुण्याच्या एका पोरानं हौस फिटल्यावर काढून टाकलेली. बोटभर रुंदीची चाकं, एडक्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, आणि वजन असं की करंगळीला अडकवून जिना चढावा. ती पहिल्यांदा दारात उभी केली तेव्हा मी पोट धरून हसले होते. दादानं माझ्याकडं लक्ष दिलं नाही. तो सायकलीचा एकेक सांधा बघत होता, वेल्डिंगवरून बोट फिरवत होता. “काम बघ, काम,” एवढंच म्हणाला. नंतर माझ्या रक्तात साखर निघाली तेव्हा त्यानंच मला एक गिअरची साधी सायकल आणून दिली आणि दर रविवारी सकाळी सहाला माझ्या दाराशी घंटी वाजवायला लागला. मी शिव्या देत उठायचे आणि जायचे. आमचा रस्ता ठरलेला. कागलपर्यंत जायचं, चहा प्यायचा, परत यायचं.

या दिवसांतला तो रस्ता मला फार आवडतो, हे दादाला मी कधी कळू दिलं नाही. थंडी सुरू झालेली असते. गोकुळ शिरगावपाशी फौंड्रीचा जळक्या वाळूचा वास येतो, पुढं उसाचा ओला गोड वास, आणि मग एकदम कुठल्यातरी गुऱ्हाळावरचा उकळत्या काहिलीचा वास नाकात शिरतो. शेतांवर धुकं बसलेलं असतं. ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या ओढत येतात, गाणी अशी मोठ्यानं लावलेली की इंजिनचा आवाज ऐकू येऊ नये. आम्ही हायवेच्या बाजूच्या सेवा रस्त्याच्या कडेनं जातो तरी एखादा ड्रायव्हर मान बाहेर काढून ओरडतोच, “ओ पावणं, कडंनं घ्या की!” आणखी किती कडेनं जायचं, शेतात? रस्त्यावर उसाची कांडी पडलेली असतात. चाक त्यांच्यावरून गेलं की हिसका थेट तळहातात बसतो. माझ्या जाड चाकांना एवढा, तर दादाच्या बोटभर चाकांना किती बसत असेल, असं मनात यायचं. पण मी विचारलं नव्हतं.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात दादा दुकानात आला तो दोन शर्ट घेऊन. म्हणाला, “सुमे, ह्या मनगटाच्या गुंड्या काढ आन् टिचबटणं लाव.”

मी म्हटलं, “का? चांगल्या गुंड्या हायत की.”

“लाव म्हटल्यावर लाव.”

तो कापायच्या टेबलावर हात टेकून उभा होता. मी शर्ट उलटा केला, आणि बघते तर त्याच्या करंगळीच्या कडेला माझी एक टाचणी शिरलेली. चांगली अर्धी आत. रक्ताचा टिपूस टेबलावर आलेला. दादा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता.

“दादा, बोटात टाचणी शिरलीय.”

“कुठल्या?” तो म्हणाला.

मला अजूनही ते “कुठल्या” आठवलं की कसंतरी होतं. मी टाचणी काढली. त्यानं त्याच बोटाकडं असं बघितलं, जसं काही ते दुसऱ्या कुणाचं होतं. मग हळूहळू बाहेर आलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. गणपतीपासून मुंग्या यायच्या, जायच्या. आता जात नव्हत्या. गुंडी लागत नव्हती. लेथवरच्या तुकड्याची कड गुळगुळीत झाली का, हे तो नेहमी बोटानं बघतो, ते आता डाव्या हातानं बघत होता.

“वैनीला म्हाईत हाय?” मी विचारलं.

“न्हाय. आन् तू सांगू नगंस.”

मी दुसऱ्याच दिवशी त्याला हाताच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी त्याच्या अंगठ्यात आणि बोटात एक साधा कागद धरायला लावला आणि दुसऱ्या टोकानं ओढला. डाव्या हातातून कागद सुटेना. उजव्यातून अलगद निघून आला. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग मानेचं बघितलं, सायकलीचा फोटो मागितला. फोटो बघून म्हणाल्या, “काका, तुमच्या अंगाचा सगळा भार तळहाताच्या या मुळावर पडतो. इथून जी नस जाते ती दबलीय. मानही ताठ झालीय, त्यामुळं तुम्ही आणखी रेटून बसता. एक तर हँडल जवळ घ्या आणि वर घ्या, नाहीतर सायकल सोडा. संक्रांतीनंतर परत दाखवा. तोवर फरक पडला नाही तर नस मोकळी करायचं ऑपरेशन करू. पण त्यानंतर बोटं पूर्ण पहिल्यासारखी होतील, असं मी आत्ता सांगणार नाही.”

परत येताना रिक्षा केली. शाहू मैदानापाशी आल्यावर दादा म्हणाला, “कागद व्हता म्हणून. लोखंड आसतं तर सोडलं नसतं.” मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी भांडते, हे मला माहीत आहे. रिक्षात भांडण नको होतं.

आता इथून पुढं जे झालं ते फक्त माझ्या भावाच्या हातूनच होऊ शकत होतं. घरी जाऊन त्यानं सायकल उलटी केली, हँडल सोडलं, जुना स्टेम काढला आणि भिंगाखाली धरला. बोल्टच्या भोकापाशी केसाएवढी चीर सापडली. झालं. त्याला जे हवं होतं ते मिळालं. दुसऱ्या दिवशी फोनवर सांगायला लागला, “चीर हाय गं स्टेमला. हँडल थरथरत व्हतं ते त्यामुळं. बोटांचं सगळं दुखणं त्या चिरंचं. डॉक्टरला काय कळतंय मशिनचं?” मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. चीर सापडली म्हणजे दुखणं सापडलं, असंच वाटलं.

दादानं कामं बाजूला ठेवून तीन दिवसांत नवा स्टेम केला. ॲल्युमिनियमचा सबंध ठोकळा घेऊन, लेथवर आणि मिलिंगवर. सॅम्पल समोर ठेवून. मी बघायला गेले तेव्हा त्यानं दोन्ही तुकडे फडक्यावर शेजारी मांडले होते. नव्याला पॉलिश मारलेलं. खरंच सांगते, सोनाराच्या काउंटरवर ठेवावा असा तो दिसत होता. “माप बघ,” म्हणाला आणि व्हर्नियर माझ्या हातात दिला. लांबी जुन्याची एकशेवीस मिलिमीटर, नव्याची एकशेवीस. कोन तोच, भोकं तीच, चार बोल्टची जागा तीच. काटा जरासुद्धा इकडंतिकडं नाही. मी त्याला शाबासकी दिली. आम्ही दोघंही कापायच्या आणि मापायच्या धंद्यातली माणसं, आणि दोघांच्याही लक्षात आलं नाही की डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्यातलं काहीच आम्ही केलं नव्हतं.

त्या स्टेमवर दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी दादा उगाच बडबडत होता. दुसऱ्या रविवारी परत येताना पाण्याची बाटली त्याच्या हातातून निसटून रस्त्यावर गेली, मागून येणाऱ्या ट्रॉलीखाली चिरडली. तो थांबला नाही. मी मागून बघत होते. तो हात एकसारखा झटकत होता, आधी उजवा, मग डावा. डावा हातही.

त्याच आठवड्यात दुकानात एक बाई आल्या, नव्या कापडाबरोबर मापाचं ब्लाउज घेऊन. आमच्या धंद्यात हे रोजचं. माप घ्यायला कुणाला सवड नसते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणींना टेप अंगाला लागायला नको असतो. जुनं ब्लाउज देतात आणि म्हणतात, “ह्याच मापाचं शिवा.” मी ब्लाउज उलगडलं. शिवण माझीच होती, पण निदान दहा वर्षं जुनी. मी विचारलं, “ताई, हे अलीकडं घालून बघितलंय का?”

“माप दिलंय की तुम्हाला,” त्या जरा तोडून म्हणाल्या.

हे ब्लाउज बरोबरच असतं. त्याची शिवण बरोबर, कटोरी बरोबर, बाही बरोबर. दहा वर्षांत अंग पुढं गेलेलं असतं, एवढंच. मी अशा वेळी गोड बोलून टेप काढतेच, आणि त्यांना राग येऊ न देता माप घेते. तीस वर्षांत एवढी कला मला जमलीय. त्या दिवशी टेप त्यांच्या दंडाभोवती लावला, आणि तिथंच हात थांबला. दादानं काय केलंय, ते मला त्या क्षणी कळलं. बाईंना वाटलं मी माप विसरले. मी दंड परत मापला, पण आकडा लिहिताना मात्र चुकलेच.

दुपारी कारखान्यात गेले. लेथ चालू होता. मी तो बंद करायला लावला.

“दादा, त्यो स्टेम कुणाच्या मापाचा हाय?”

“सॅम्पलच्या.”

“आन् सॅम्पल कुणाचं?”

तो माझ्याकडं बघत राहिला. मी म्हटलं, “त्या पुण्याच्या पोराचं. पंचवीस वर्षांचा आसंल त्यो. त्याच्या पाठीचं, त्याच्या हाताचं माप. तू पाच वर्षं त्याच्या मापाच्या सायकलीवर बसतोयस. आन् आता आपल्या हातानं त्याच्याच मापाचा नवा केलायस.”

“पाच वर्षं बसलोच की.”

“पाच वर्षांमागं तू तरेपन्नचा व्हतास. मान वळत व्हती तुझी.”

त्याला राग आला. रागानं तो कधी ओरडत नाही, फडकं घेऊन मशिन पुसायला लागतो. बराच वेळ पुसत राहिला. मग म्हणाला, “माझ्या कामात आजवर कुणी चूक काढली न्हाय.”

“कामात न्हायच काढली,” मी म्हटलं. “सॅम्पल घेताना चुकलं.” माझा आवाज चढला होता. मला त्याला दुखवायचं नव्हतं, पण संक्रांतीला महिना उरला होता आणि मला तो कागद अलगद निघून येताना दिसत होता.

दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सायकल हातात धरून दारात उभा राहिला, आणि मागं वैनी. म्हणाला, “घे माप.”

परसात भिंतीला सायकल टेकवली. वैनीनं मागून सीट धरली. दादा वर बसला आणि सवयीनं पुढं वाकून हँडल धरलं. मी म्हटलं, “सोड त्ये. ताठ बस, डोळं मीट. आता कुणीतरी तुला ताट देतंय आन् तू घेतोयस, आसं हात पुढं कर. ताणायचं न्हाय.” त्याला ते पोरखेळ वाटलं, पण त्यानं डोळे मिटले. हात पुढं आले आणि थांबले. हँडलच्या अलीकडंच, हवेत. मी टेप लावला. हात आणि हँडल यांच्यात चाळीस मिलिमीटरचं अंतर, आणि हात हँडलपेक्षा दोन-तीन बोटं वर.

“उघड डोळं,” मी म्हटलं.

त्यानं उघडले. आपल्या हातांकडं बघितलं, त्यांच्या पलीकडच्या हँडलकडं बघितलं. तीसेक वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या वस्तूंची मापं घेतली, स्वतःचं माप द्यायला तो पहिल्यांदाच असा कुणापुढं बसला असेल. मला त्याची फार माया आली, आणि लगेच जोडीला रागही, की एवढं होईपर्यंत गप्प का बसला.

“चाळीस?” तो म्हणाला.

“चाळीस.”

“शिलाईच्या टेपवर भरवसा न्हाय माझा.”

“मग आण तुझा व्हर्नियर आन् घाल डोळ्यात,” वैनी मागून म्हणाल्या. त्यांना सगळं माहीत होतं. मनगटाला टिचबटणं लागल्यावर बायकोला कळणार नाही, असं दादाला कसं वाटलं, हे त्यांनी त्याला तिथंच विचारलं.

एकशेवीसमधून चाळीस गेले, राहिले ऐंशी. मला वाटलं, आता दादा ऐंशीचा ठोकळा कापायला घेणार. तसं त्यानं घेतलाही. दुसऱ्या दिवशी मी जेवणाचा डबा द्यायला गेले तेव्हा ठोकळा लेथच्या पकडीत, चकमध्ये होता आणि दादा मशिन बंद ठेवून स्टुलावर बसलेला. जुना, चिरलेला स्टेम हातात. म्हणाला, “ह्यो ठोकून घडवलेला हाय. ठोकलेल्या धातूचा दाणा लाकडाच्या रेषांगत वळणासंगं वळतोय. मी ठोकळ्यातनं कापून काढतोय, त्यात दाणा जिथं तिथं तुटतोय. ताकत कमी.” मग थोडं थांबून, “ह्यो मोडला तर माणूस तोंडावर पडतंय. गिऱ्हाइकाला दिला आसता का मी आसला? न्हाय दिला आसता.” ठोकळा त्यानं चकमधून काढून ठेवला. माझ्या आठवणीत दादानं एखादा तयार भाग विकत आणायचं ठरवलं, ते तेव्हाच.

राजारामपुरीत सलीमभाईंचं सायकलींचं दुकान आहे. आम्ही दोघं तिथं गेलो, तर त्यांनी एक पत्र्याचा डबा उलटा केला, आत दहा-बारा स्टेम. मी जन्मात पहिल्यांदा एवढे एका जागी बघितले. एक नव्वदचा निघाला, पण सपाट. एक ऐंशीचा निघाला, पण हँडल धरायचं त्याचं भोक लहान, दादाचं हँडल त्यात जाणारच नव्हतं. एक सत्तरचा मस्त वर उचललेला होता, मी म्हटलं हाच द्या. सलीमभाई म्हणाले, “ताई, लई आखूड घेऊ नका. हँडल अंगावर येतंय आन् सायकल वळवळायला लागतीय. ट्रॉलीच्या बाजूनं जाताना ह्या मिस्त्रींना ते नडंल.” मग त्यांनी एक भलताच नमुना काढला. मध्ये सांधा असलेला, कोन हवा तसा वरखाली करता येणारा. “पंधरा दिवस हा लावा, कुठला कोन सोसतोय ते बघा. मग त्या मापाचा मागवू.”

दादानं तो हातात घेतला आणि नाक मुरडलं. “ह्याला तर गुडघा हाय.”

“तुमच्या हातापुरता हाय ओ, परत द्यायचाच हाय,” सलीमभाई हसले.

गुडघेवाला स्टेम लावून आम्ही तीन रविवार काढले. पहिल्या दिवशी सायकल दादाच्या हातात राहीना, प्यालेल्या माणसासारखी जायची. तो थांबायचा, खिशातला पाना काढायचा, कोन जरासा बदलायचा, परत निघायचा. मी त्याच्यासाठी उसाच्या फडाच्या कडेला उभी राहायचे. तोडणीच्या बायका कोयता थांबवून आमच्याकडं बघायच्या. एकीनं विचारलं, “काय बिघडलंय ओ?” मी म्हटलं, “काय न्हाय. माप घ्यालोय.” तिला ते पटलं असावं, ती परत कामाला लागली. पाल्याची ती सळसळ, कोयत्याचा तो टक टक आवाज, आणि मध्येच दादाच्या पान्याची कुरकुर. दर रविवारी मी त्याच्या चेहऱ्याकडं बघायचे, बोटांबद्दल विचारायचं धाडस होत नव्हतं. त्यालाही सांगायचं धाडस होत नसावं. विचारलं आणि “न्हाय” म्हणाला तर पुढं काय बोलायचं?

तिसऱ्या रविवारी कोन ठरला. सलीमभाईंनी ऐंशीचा, वर उचललेला, ठोकून घडवलेला स्टेम मागवून दिला. काळा, साधा, कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही असा. दादानं तो स्वतः बसवला. चार बोल्ट थोडे थोडे, तिरके समोरासमोर आवळत गेला, एकदम एक आवळला नाही. मी ब्लाउजला टाचण्या लावते तशाच, आधी चारी कोपरे धरायचे मग मधलं. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, “मग तुला काय वाटलं, टाचण्या तूच लावतीस?”

पुढच्या रविवारी दसरा चौकात नेहमीची दहा-बारा सायकलवाली मंडळी भेटली, दादापेक्षा निम्म्या वयाची. त्यांच्यातला एकजण उचललेलं हँडल बघून म्हणाला, “मिस्त्री, आज्ज्याची सायकल केली की.” मला वाटलं आता बिनसलं. हेच ऐकायला नको म्हणून तर पाच वर्षं एकशेवीसवर ताणून बसला होता. दादा म्हणाला, “आजाच हाय मी. दोन नातवंडं हायत,” आणि पुढं निघाला. मी त्याच्या मागं. त्याची पाठ मला वेगळी दिसत होती, कोपरं जरा वाकलेली, खांदे कानांपासून खाली आलेले. तरीही बोटांचं काही कळत नव्हतं. संक्रांत चार दिवसांवर आली होती आणि वैनीनं डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन ठेवली होती.

कागलला पोचलो तेव्हा ऊन नुकतंच अंगावर यायला लागलं होतं. स्टँडजवळच्या टपरीवर चहावाल्यानं काचेचे दोन ग्लास आमच्या हातात दिले, उकळता चहा, काठापर्यंत. मी ओढणीचं टोक ग्लासाभोवती गुंडाळलं. दादानं उजव्या हातानं ग्लास धरला, पूर्ण मुठीत, आणि लगेच तो फळीवर ठेवला. हात बघत राहिला.

“काय झालं?”

“पोळलं,” तो म्हणाला.

मी सहजच म्हटलं, “फुंकून पी की मग.” आणि मग मला कळलं. “कुठं पोळलं?”

त्यानं करंगळी वर केली. तिची कड लाल झाली होती. शेजारच्या बोटावर अंगठा फिरवून त्यानं मान हलवली. त्या बोटाला अजून काही नव्हतं. पण करंगळीला चटका बसला होता आणि तिनं तो सांगितला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. टपरीवर चार माणसं होती, मला त्यांची पर्वा नव्हती. चहावाला म्हणाला, “पावणं, गार करून देऊ का?”

“नगं,” दादा म्हणाला, आणि त्यानं तोच ग्लास पुन्हा उचलला, त्याच हातानं, करंगळी काचेला लावून.